एक फॉर्म कमी

बाई, तुमची मोजणी बरोबर होती.

एवढं एक वाक्य मला तीन वर्षांत तुमच्या देखत बोलता आलं नाही. आता तुम्हाला जाऊन अठरा दिवस झालेत आणि मी ते कागदावर लिहितोय. कावीळ झाली, सांगलीला दवाखान्यात नेलं आणि पाचव्या दिवशी संपलं, असं तुमच्या मुख्याध्यापिकांनी पोस्टकार्डावर कळवलं. कार्ड वाचल्यावर माझ्या मनात पहिला विचार दुःखाचा आला असता तर बरं झालं असतं. पहिला विचार आला तो असा, की आता हे कुणालाच कळणार नाही. तो विचार आला तेव्हा मी कॉलेजच्या व्हरांड्यात उभा होतो. मी कार्ड घडी करून खिशात टाकलं आणि वर्गावर गेलो. अर्थशास्त्र शिकवलं. चांगलं शिकवलं.

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे ती पाहणी आली नसती तर तुमची-माझी गाठच पडली नसती. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते. पुण्याहून आलेले आमचे प्रमुख सर दोन गोष्टी एकत्र पाहणार होते. उसाचा पैसा हातात आलेलं घर तो कुठे गुंतवतं, कारखान्याच्या शेअरमध्ये, सोन्यात, जमिनीत की पोस्टात. आणि त्याच घरातली तरुण पोरं विडी-सिगारेटला, तंबाखूला कशी लागतात. सरांचा कयास असा होता की घरात रोख पैसा खेळायला लागला की तो पोरांच्या खिशात येतो आणि तिथून पानपट्टीवर जातो. म्हणून सातारा-सांगलीची बागायती गावं घेतली होती आणि ताडून पाहायला कोरडवाहू जत. मी तेव्हा हंगामी अधिव्याख्याता होतो. आलेले फॉर्म तपासायचे आणि तक्ते करायचे हे काम माझ्याकडे होतं. बायकांशी बोलायला बाई हवी म्हणून पलूसजवळच्या शाळेतल्या गणिताच्या शिक्षिकेचं नाव कुणीतरी सुचवलं. त्या तुम्ही.

पहिल्या दिवशी तुम्ही काळी छत्री आणि डबा घेऊन आलात आणि सगळ्यांसमोर विचारलंत, "मुलींनाही हेच विचारायचं? धूम्रपान करता का म्हणून?"

मी हसून सांगितलं की विचारायचं, त्या नाही म्हणतील, 'नाही'वर खूण करायची आणि पुढे जायचं. तुम्ही ते वहीत उतरवून घेतलंत. मला वाटलं, बाई जरा मंद दिसतात.

तुमच्याबरोबर काम करणं सोपं नव्हतं. तुम्ही जैनांच्या घरातल्या, दिवस मावळायच्या आत जेवण उरकणाऱ्या. एसटी उशिरा आली की तुम्ही स्टँडवरच्या बाकावर बसून डबा उघडायचात आणि आम्ही चौघे पुरुष उगाच इकडेतिकडे बघत उभे राहायचो. एकदा मी म्हणालो, एक दिवस उशिरा जेवलं तर काय बिघडतं? तुम्ही म्हणालात, "बिघडत काही नाही. पण मग रोजच उशीर होतो." तेव्हा मला हे वाक्य आडमुठेपणाचं वाटलं होतं.

जतकडच्या त्या वस्तीवर मी तुमच्याबरोबर होतो. पाण्याच्या टँकरची वाट बघत बायका घागरी मांडून बसल्या होत्या. तुम्ही एका पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीशेजारी बसलात. मी लिंबाखाली उभा राहून ऐकत होतो. विडी ओढतेस का? ती लाजली. तंबाखू खातेस का? मानेनंच नाही. फॉर्म तिथं संपत होता. तुम्ही पेन बंद केलंत आणि तिला विचारलंत की मिशरी लावतेस का.

"लावते की," ती म्हणाली. लगेच म्हणाली, जसं कुणी केस विंचरतेस का विचारावं. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि ती पूड बोटानं हिरड्यांना चोळायची. आईच भाजून देती, म्हणाली. दुष्काळात खडी फोडायला जायची तेव्हा लागली, आता दिवसातनं चार-पाच डाव.

"कशाला गं इतकी?"

"भूक मरती, बाई. पाण्याला जाताना लावली की दुपारपातुर कायबी लागत न्हाई."

तुम्ही 'नाही'वर खूण केलीत, कारण तुम्हाला तसं सांगितलं होतं. आणि समासात बारीक अक्षरात लिहिलंत: मिशरी, चार-पाच वेळा, दुष्काळापासून, भुकेसाठी.

परतताना स्टँडवर आपलं पहिलं भांडण झालं. मी म्हणालो की मिशरी हे दात घासायचं साधन, ती व्यसनात कशी धरायची? तुम्ही म्हणालात की दात दिवसातून पाच वेळा कोण घासतं. मी म्हणालो, प्रश्नावलीत तो रकाना नाही. तुम्ही म्हणालात, "रकाना नाही म्हणून मुली तंबाखू लावत नाहीत, असं होतं का?" आणि मग तुम्ही मला सांगितलंत की तुमच्या रानातही तंबाखू असते, लहानपणी पानं सुकवायला तुम्हीही होतात, आणि मिशरी तुम्हीही लावत होतात. अध्यापिका विद्यालयाच्या वसतिगृहात लपवून लावत होतात आणि सोडताना दोन महिने डोकं ठणकत होतं. "सर, मी हे नुसतं ऐकून बोलत नाही," असं म्हणालात.

ते मात्र मला लागलं. मी वाटेतच कबूल केलं की तुमचं बरोबर आहे. इतकंच नाही, मी म्हणालो की समासातल्या तुमच्या नोंदींचा वेगळा तक्ता करू, मुलींवर वेगळं प्रकरण लिहू आणि त्यावर तुमचं नाव घालू. सरांच्या कयासालाच त्यामुळे धक्का बसत होता, कारण जतच्या त्या पोरीच्या हातात कुठला आलाय रोख पैसा. मला त्या धक्क्याचा आनंद झाला होता. तरुण होतो. सरांना सांगितलं, तर ते म्हणाले, बघू, तक्ते होऊ द्या. तुम्हाला मी पत्रानं कळवलं की सर तयार आहेत. तुमचं उत्तर आलं ते दोन ओळींचं होतं. दुसरी ओळ: 'नाव नसलं तरी चालेल, मुली आल्या पाहिजेत.'

मग गावं वाटली गेली आणि कऱ्हाडजवळच्या मलकापूरच्या पलीकडचं माझंच गाव चिठ्ठीत निघालं. मी स्वतः तिथं जाणं बरोबर नव्हतं म्हणून तुम्ही गेलात. माझं घरही त्यात येणार हे मला ठाऊक होतं. आई घरी होती, धाकटी बहीण शकू होती, वडील पलटणीत. मी आईला निरोप धाडला की आमच्या कामातल्या बाई येतील, त्यांना दिवस असतानाच जेवायला घाल. बस, एवढंच माझ्या डोक्यात होतं. माझ्या घरात तुम्हाला काय सापडेल हे डोक्यातच नव्हतं. आईनं नंतर तुमचं भरपूर कौतुक केलं. म्हणाली, बाई लय साध्या, माझ्याबरोबर चुलीपुढं बसल्या.

फॉर्म आले. मी साताऱ्यातल्या खोलीत बसून ते चाळत होतो. नावं नव्हती, नुसते क्रमांक, पण घर मला ओळखू आलं. मुलगी, वय एकोणीस, शिक्षण सातवी, वडील सैन्यात, भाऊ शिक्षक. 'नाही'वर खूण. आणि समासात तुमचं बारीक अक्षर: मिशरी, सहा वेळा. नवव्या वर्षापासून. दाढ दुखत होती, दवाखान्याला कऱ्हाडला न्यायला कुणी नव्हतं, आईनं लावली. नंतर सुटली नाही. आणि त्याखाली, तुम्ही सगळ्यांनाच विचारत होतात तो शेवटचा प्रश्न, तंबाखू कोण आणून देतं? उत्तर: थोरला भाऊ.

बाई, खोटं नव्हतं ते. शाळेत असल्यापासून दर आठवड्याला कऱ्हाडच्या बाजारातून आईचा तंबाखूचा पाला मी आणत होतो. मिठाबरोबर, काडेपेटीबरोबर. त्याच आठवड्यात आणला होता. आपले कोरे फॉर्म ज्या पिशवीत होते त्याच पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो पाला होता. जिल्ह्यातल्या तरुण पोरांना तंबाखू कुठून मिळते हे शोधत मी दोन महिने हिंडत होतो.

माझ्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतं हे मला माहीत आहे, कारण तुम्ही स्वतःचाही फॉर्म भरला होतात, वसतिगृहातल्या मिशरीसकट. मी काय केलं? मला आधी राग आला. तुमचा. माझ्या घरी जेवून माझ्या बहिणीचं हे लिहून नेलं म्हणून. शकूचं लग्न ठरत होतं, पाहुणे वाईकडचे, मुलगा मिलिटरीत, आणि प्रमुख सरांची त्या बाजूला ओळख. मी मनाला सांगितलं की हे तिच्यासाठी करतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीचं पाणी तापत होतं, तेव्हा तो फॉर्म मी बंबात घातला.

एक फॉर्म जाळून भागत नव्हतं. बाकीच्यांच्या समासातल्या नोंदी राहिल्या असत्या तर मुलींचं प्रकरण झालं असतं, आणि ते झालं असतं तर पुन्हा गावागावांचं बोलणं निघालं असतं, माझ्या गावाचंही. म्हणून मी सरांकडे गेलो आणि म्हणालो की समासातल्या नोंदी व्याख्येत बसत नाहीत, घेऊ नयेत. सरांना ते हवंच होतं. तुम्हाला मी पत्र लिहिलं. 'शास्त्रीय शिस्तीच्या दृष्टीने' असे शब्द त्यात होते. त्या पत्राला तुमचं उत्तर आलं नाही.

सांगलीत अहवाल वाचला गेला तो दिवस तुम्ही विसरला नसाल. मीही विसरलेलो नाही. हॉल भरला होता, तुमच्या शाळेतलेही तिघे-चौघे शिक्षक आले होते. मी तक्ते वाचले. मुली: तंबाखूचा वापर नगण्य. मी खाली बसणार इतक्यात तुम्ही उभ्या राहिलात. तुम्ही मिशरीचं विचाराल म्हणून उत्तर तयार होतं माझ्याकडे. तुम्ही ते विचारलं नाहीत. तुम्ही म्हणालात, "मी एकशे चाळीस फॉर्म दिले होते. अहवालात माझ्या गावांचे एकशे एकोणचाळीस आहेत. एक कुठे गेला?"

सगळे माझ्याकडे बघत होते. सरही. मी माईक हातात घेतला आणि म्हणालो, "बाईंची मोजण्यात काहीतरी गफलत झाली असावी. क्षेत्रकामात नवखी माणसं असली की असं होतं."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. गणिताच्या बाई आहेत, असं कुणीतरी म्हणालं आणि मग आणखी दोघे हसले.

तुमच्या हातात वही होती. त्यात गाववार, घरवार यादी असणार, आणि गाववार आकडे मी नुकतेच वाचले होते. कुठला फॉर्म नाही हे तुम्ही त्या यादीवरून तिथल्या तिथे काढू शकत होतात, आणि काढलंतही. तुमचं बोट एका ओळीवर थांबलेलं मी स्टेजवरून पाहिलं. तुम्ही वर पाहिलंत. माझ्याकडे पाहिलंत. वही मिटलीत.

"असेल," म्हणालात आणि खाली बसलात.

शकूचं नाव त्या हॉलमध्ये येऊ नये म्हणून तुम्ही चुकलात, असं तुम्हीच कबूल केलंत. तेही मी माझ्या पथ्यावर पडू दिलं.

पुढच्या पाहणीला तुम्हाला बोलावलं नाही. सर म्हणाले, त्या बाई नकोत, घोळ घालतात. मी समोर बसलो होतो. माझी नेमणूक कायम झाली. तुमच्या शाळेत काय झालं ते मला उडत उडत कळायचं. स्टाफरूममध्ये कुणी चहाचे कप मोजायला लागलं की तुमच्याकडे बघून म्हणायचे, बाईंना मोजू देऊ नका. थट्टाच ती. वर्षभर चालली म्हणे.

शकूच्या लग्नाला आईनं तुम्हाला आग्रहानं बोलावलं. मला वाटलं तुम्ही येणार नाही. तुम्ही आलात. आईनं तुम्हाला पंगतीच्या आधी आत नेऊन जेवायला वाढलं. निघताना मी तुम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला आलो. बोलायचं ठरवून आलो होतो. "बाई, त्या दिवशी सांगलीत," एवढं म्हणालो. तुम्ही मला पुढे बोलू दिलं नाहीत. म्हणालात, "मुलगी चांगल्या घरात पडली, सर. तेवढं पुरे." एसटी आली आणि तुम्ही बसलात. मला सुटल्यासारखं वाटलं. आज विचार करतो तेव्हा कळत नाही की तुम्ही मला माफ केलंत की माझ्याकडून काही ऐकायची तुमची इच्छाच उरली नव्हती. हे तुम्हाला विचारायचं राहिलं. आणखीही एक राहिलं. तो फॉर्म माझ्या घरातला नसता, तर मी तुमच्या बाजूनं शेवटपर्यंत उभा राहिलो असतो का? मी अजून स्वतःला 'हो' म्हणून सांगतो. तुम्ही ते मान्य केलं असतंत असं वाटत नाही.

तुम्ही गेल्यावर आठव्या दिवशी मी तुमच्या गावी गेलो. तुमचे वडील घराच्या पुढच्या सोप्यात बसले होते. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी पाणी मागवलं आणि तुमच्या आजाराचं सगळं पहिल्यापासून सांगितलं. मी ऐकत होतो, मान हलवत होतो. मग ते थांबले आणि म्हणाले, "मास्तर, एक इचारू का? पोर कवा बोलली न्हाई, पर शाळंतल्या लोकांकडनं कानावर आलं. तुमच्या कामात तिची मोजणी चुकली म्हणं. खरंच चुकली हुती का वं?"

मी म्हणालो, नाही. मोजणी बरोबर होती. एक फॉर्म माझ्याकडून गहाळ झाला होता.

गहाळ. तुम्ही गेल्यावरसुद्धा, तुमच्या वडिलांसमोर, मला असा शब्द सुचला. म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. चहा घेऊन जा म्हणाले.

तिथून मी सरळ शकूकडे गेलो. ती बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. मागच्या दारी बसून मिशरी लावत होती. मी तिच्यासमोर पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं, बंबासकट. तिच्या लग्नाला अडचण नको म्हणून केलं, असं म्हणालो. ती तोंड धुऊन आली आणि पदरानं पुसत म्हणाली, "कोण मोडणार हुतं रं लगीन? माझी सासू लावती, थोरली जाऊ लावती. लगीन झाल्यावर दुसऱ्या दिशी सासूनंच मला डबी दिली."

ती पुढे म्हणाली, "दाढंचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या बाईनी मला इचारलं तरी. तू कवा इचारलंस, दादा?"

मी विचारलं की हे मी चारचौघांत सांगितलं तर चालेल का. ती म्हणाली, "सांग की. नाव घिऊन सांग. माझं काय जातंय? लपवलंस ते तुझ्यापायी." आणि मग तुमची आठवण काढून रडली. मी तिला रडू दिलं. माझ्याच्यानं तिच्याजवळही बसवत नव्हतं.

दोन दिवसांनी पुन्हा तुमच्या घरी गेलो. सोप्यात तुमचे वडील एकटेच होते. मी उभ्या उभ्या सांगितलं की फॉर्म गहाळ झाला नव्हता, मी जाळला होता, आणि सगळ्यांसमोर बाईंना खोटं पाडलं. कशासाठी तेही सांगितलं. मला वाटलं ते ओरडतील, हाकलून देतील. त्यांनी तसं काहीच केलं नाही. त्यांनी विचारलं की हे तिला ठाऊक होतं का. मी म्हणालो, त्याच दिवशी, तिथल्या तिथे कळलं होतं.

"हां," ते म्हणाले. "ती मोजण्यात चुकायची न्हाई हे मला म्हाईतच हुतं, मास्तर. लहान असताना रानातल्या तंबाखूच्या जुड्या तीच मोजायची. हितं मला सांगून काय उपेग? जितं लोक हसले, तितं जाऊन सांगा."

म्हणून काल तुमच्या शाळेत गेलो. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये मुख्याध्यापिकांनी सगळ्यांना बसवलं. मी सांगितलं. आधी पाठ करून गेलो होतो तरी मध्ये दोनदा अडखळलो. त्या दिवशी हॉलमध्ये हसलेले एक शिक्षक समोरच बसले होते. त्यांनी टेबलावरचा खडू उचलला, पुन्हा ठेवला. एका वयस्क बाईंनी, हळू आवाजात, विचारलं, "त्या होत्या तेव्हा का नाही आलात?" घंटा झाली. सगळे उठून तासाला गेले.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बाईंचा नववीचा तास रिकामा आहे. तिथंही सांगा. ती थट्टा मुलींपर्यंत गेली होती."

मला ते ठाऊक नव्हतं, बाई. मुलींपर्यंत गेली होती हे ठाऊक नव्हतं.

मी तुमच्या वर्गात गेलो. तीस-पस्तीस मुली उभ्या राहिल्या, बसल्या. मी तुमच्या खुर्चीवर बसलो नाही. टेबलाच्या अलीकडे उभं राहून सांगितलं की तुमच्या बाईंनी एक मोठी पाहणी केली होती, त्यात त्यांची मोजणी अचूक होती, आणि एक फॉर्म कमी आला तो मी जाळला म्हणून. त्यात काय लिहिलं होतं तेही सांगितलं. ती मुलगी माझी बहीण, असं नाव घेऊन सांगितलं. तिला मिशरीसाठी तंबाखू मीच आणून देत होतो, तेही.

मिशरी म्हटल्यावर वर्गात जरा चुळबूळ झाली. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. दोघी-तिघींनी हात तोंडावर नेला. 'मिशरी लावतेस का' हा पुढचा प्रश्न मला माहीत होता, तुम्ही तो जतपासून मलकापूरपर्यंत शंभरावर वेळा विचारलात. पण तो विचारायचा अधिकार मला आहे असं वाटेना. निघावं असा विचार करत होतो.

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. बारीक, दोन वेण्या घातलेली. ती आधी शेजारणीकडे बघून, मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सर, मिशरी म्हंजे तंबाखूच असती व्हय?"

"असते," मी म्हणालो.

ती खाली बसली. तिनं शेजारणीच्या कानाला लागून काहीतरी सांगितलं. ते काय होतं ते मला ऐकू आलं नाही.